सकाळी सुटी, दुपारपर्यंत खाट रिकामी: लहान रुग्णालयात डिस्चार्जची घडी कशी बसवावी

डॉक्टरांनी सकाळी साडेनऊला घरी जाण्याची परवानगी दिली आणि रुग्ण प्रत्यक्षात संध्याकाळी सहाला जिना उतरला, ही तक्रार पंचवीस ते साठ खाटांच्या खाजगी रुग्णालयांत नित्याची आहे. त्यावर उपाय म्हणून व्यवस्थापन नवे सॉफ्टवेअर घेते, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कवर आणखी एक माणूस बसवते किंवा विमा कंपनीकडे बोट दाखवून मोकळे होते. दोष बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असतो: जी कामे आदल्या दिवशी, काही तर दाखल होण्याच्या दिवशीच व्हायला हवीत, ती सगळी डॉक्टरांनी ‘सोडा’ म्हटल्यावर सुरू होतात. पुढील टप्पे त्या क्रमाने दिले आहेत आणि ते त्याच क्रमाने अमलात आणावेत. मधला एखादा टप्पा सोयीचा वाटतो म्हणून तेवढाच उचलला, तर फरक पडत नाही.

टप्पा १: आठवडाभर फक्त वेळा नोंदवा

पहिले सात दिवस काहीही बदलू नका. प्रत्येक डिस्चार्जसाठी एक कागद ठेवा आणि त्यावर आठ वेळा लिहा: डॉक्टरांनी सुटी सांगितली ती वेळ, डिस्चार्ज कार्ड तयार होऊन सही झाली ती, उरलेली औषधे फार्मसीत परत गेली ती, अंतिम बिल निघाले ते, कागदपत्रे विमा कंपनीकडे किंवा टीपीएकडे गेली ती, मंजुरी आली ती, रुग्ण वॉर्डाबाहेर पडला ती, आणि खाट स्वच्छ होऊन पुढच्या रुग्णासाठी तयार झाली ती. रोख बिल भरणाऱ्या रुग्णांसाठी यांतल्या दोन वेळा रिकाम्या राहतील, त्या तशाच राहू द्या.

आठवड्यानंतर प्रत्येक दोन वेळांमधले अंतर काढा आणि ते लहान ते मोठे असे मांडून मधला आकडा घ्या. सरासरी घेऊ नका, कारण एखादा रुग्ण मंजुरीसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत अडकला, तर त्याच्या एकट्याच्या तासांनी सगळी सरासरी फुगते आणि रोजचा खरा अडथळा झाकला जातो.

उशिराची किंमत मालकांना पटवून द्यायची असेल, तर एक साधा हिशेब करा. चाळीस खाटांच्या रुग्णालयात रोज आठ रुग्ण घरी जातात आणि प्रत्येकाला टाळता येण्यासारखा तीन तासांचा उशीर होतो असे धरले, तर रोज २४ खाट-तास वाया जातात, म्हणजे एक खाट पूर्ण दिवस अडून राहते. ओपीडीतून दाखल व्हायला आलेला रुग्ण ‘बेड नाही’ म्हणून शेजारच्या रुग्णालयात जातो, तो या खाटेवरचा असतो.

*सावधान:* वेळा दिवसअखेर आठवून लिहिल्या, तर त्या सगळ्या अर्ध्या तासाच्या पटीत येतात. नोंदीत १०.००, १०.३०, ११.०० असेच आकडे दिसू लागले, तर ती नोंद टाकून द्या आणि आठवडा पुन्हा सुरू करा. वॉर्ड, फार्मसी आणि बिलिंग काउंटरवरची घड्याळेही आधी जुळवून घ्या.

टप्पा २: एकच जबाबदार माणूस नेमा

डिस्चार्जमध्ये सिस्टर, आरएमओ (रुग्णालयातले निवासी डॉक्टर), फार्मासिस्ट, बिलिंगचा कर्मचारी, टीपीए डेस्क आणि मावशी–मामा (सफाई व मदतीचे कर्मचारी) अशा सहा जणांचा हात लागतो आणि म्हणूनच तो कोणाचाच नसतो. नातेवाईक चौकशीला गेले की सिस्टर बिलिंगकडे पाठवते, बिलिंग फार्मसीकडे, फार्मसी पुन्हा वॉर्डकडे. या साखळीसाठी एक समन्वयक ठरवा. नवीन माणूस घेण्याची गरज नाही. मजल्याची इन्चार्ज सिस्टर किंवा फ्लोअर मॅनेजर हे काम करू शकतात, मात्र त्यांना दोन अधिकार लेखी द्यावे लागतात: कोणत्याही विभागाला ‘हे काम आत्ता करा’ असे सांगण्याचा, आणि ठरलेल्या वेळेत काम झाले नाही तर थेट व्यवस्थापकाला फोन करण्याचा. अधिकाराविना नेमलेला समन्वयक हा निरोप पोहोचवणारा सातवा माणूस ठरतो.

टप्पा ३: दाखल होतानाच अर्धा डिस्चार्ज उरका

सुटीच्या दिवशी विमा कंपनीकडून येणाऱ्या बहुतेक शंकांचे मूळ दाखल होण्याच्या दिवशीच्या कागदांत असते. म्हणून हा टप्पा सविस्तर पाहावा लागेल.

प्रथम नाव. पॉलिसीवरचे, आधार कार्डावरचे आणि केस पेपरवरचे नाव व वय एकसारखे आहे का, हे दाखल करून घेणाऱ्याने तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहावे. पॉलिसीवर वडिलांचे नाव मध्ये आहे आणि केस पेपरवर पतीचे, एवढ्यावरूनही मंजुरी अडते.

दुसरी गोष्ट आजाराच्या पूर्वइतिहासाची. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी ‘मधुमेह दहा वर्षे’ लिहिले, वॉर्डमधल्या आरएमओने ‘तीन वर्षे’ आणि डिस्चार्ज कार्डावर ‘नुकताच आढळलेला’ असे आले, तर विमा कंपनी पहिल्या निदानाचे कागद मागणारच. इतिहास एकाच डॉक्टरांनी, रुग्णाला आणि घरच्यांना एकत्र विचारून, जुने कागद पाहून लिहावा आणि बाकीच्यांनी तोच पुढे चालवावा. इतिहास विम्यासाठी ‘सोयीचा’ करून लिहायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. तो खरा आणि सर्वत्र एकच असला पाहिजे.

तिसरी गोष्ट खोलीच्या भाड्याची, आणि भांडणे सर्वांत जास्त याच गोष्टीवरून होतात. समजा, पॉलिसी पाच लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली, तर दिवसाचे ३,००० रुपये खिशातून जातील एवढेच नातेवाईक गृहीत धरतात. प्रत्यक्षात अशा पॉलिसीत प्रमाणशीर कपात लागू होऊ शकते: डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क, नर्सिंग यांसारखे खर्चही पाच-अष्टमांश प्रमाणातच मंजूर होतात. हे खर्च ८०,००० रुपये झाले असतील, तर त्यांपैकी ५०,००० मिळतील आणि उरलेले ३०,००० रुग्णाला भरावे लागतील. औषधे व वापराच्या वस्तू, इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग) आणि तपासण्या यांवर ही कपात लावता येत नाही. ही सगळी आकडेमोड खोली निवडण्यापूर्वी कागदावर करून दाखवावी आणि त्याखाली नातेवाइकांची सही घ्यावी. सुटीच्या दिवशी दुपारी तीनला हे पहिल्यांदा कळले, तर पुढचे दोन तास काउंटरवरच्या वादात जातात, आणि त्या वादात चूक रुग्णालयाचीच असते.

चौथी गोष्ट अपघाताच्या रुग्णांची. वैद्यकीय-कायदेशीर नोंद, पोलिसांना दिलेल्या सूचनेची प्रत आणि रुग्ण मद्याच्या अमलाखाली होता की नव्हता याविषयी तपासणाऱ्या डॉक्टरांची नोंद हे तीन कागद पहिल्याच दिवशी फाइलला लावावेत. आठवड्यानंतर ही नोंद कोणी ‘मागच्या तारखेने’ करून मागितली, तर ती करू नये.

*तपासणी:* दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत समन्वयकाने फाइल उघडून पाहावी. ओळखपत्र, पॉलिसी, प्राथमिक मंजुरीपत्र, अंदाजपत्रकावरची सही आणि पूर्वइतिहासाची एकच नोंद हे पाचही कागद असतील, तरच फाइलच्या मुखपृष्ठावर खूण करावी.

टप्पा ४: आदल्या संध्याकाळची यादी

सगळ्या मार्गदर्शकातले एकच काम करायला वेळ असेल, तर हे करा, असा सल्ला मोह असूनही देता येत नाही, कारण तिसरा टप्पा झाल्याशिवाय हा टिकत नाही. तरी वेळ सर्वांत जास्त येथेच वाचतो.

रोज दुपारी चार वाजता समन्वयक आणि आरएमओ यांनी प्रत्येक वॉर्डमधून ‘उद्या घरी जाऊ शकतील’ अशा रुग्णांची यादी करावी. यादी खात्रीची असण्याची गरज नाही. दहापैकी दोन-तीन नावे दुसऱ्या दिवशी गळाली तरी बिघडत नाही, तयारी वाया जात नाही. यादीतल्या प्रत्येक नावासाठी रात्री आठपर्यंत पुढील कामे पूर्ण करावीत.

१. आरएमओने डिस्चार्ज कार्डाचा मसुदा लिहावा. शेवटच्या दिवसाची नोंद आणि घरी घ्यायची औषधे एवढेच रिकामे ठेवावे.

२. वॉर्डने औषधांचा मोठा इंडेंट (फार्मसीकडची मागणी) थांबवावा आणि फक्त रात्रीच्या व सकाळच्या मात्रेपुरतेच मागवावे. पॅक न फुटलेली औषधे त्याच संध्याकाळी फार्मसीत परत पाठवावीत.

३. प्रयोगशाळा, एक्स-रे, रक्तपेढी आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ यांच्या सर्व नोंदी बिलात चढल्या आहेत का, ते पाहून तात्पुरते बिल काढावे आणि नातेवाइकांना दाखवावे. आक्षेप संध्याकाळी निघाला, तर तो शांतपणे सोडवता येतो.

४. इम्प्लांट वापरले असेल, तर त्याचे स्टिकर शस्त्रक्रियेच्या नोंदीवर चिकटवलेले आहे आणि पुरवठादाराचे बिल फाइलमध्ये आले आहे, याची खात्री करावी. हे बिल खरे तर शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागवायचे असते. सुटीच्या सकाळी पुरवठादार फोन उचलत नाही, हा अनुभव कोणत्याही टीपीए डेस्कवर विचारून पाहावा.

५. घरच्यांना विचारावे: न्यायला कोण येणार, गाडी कोणती, किती वाजता, आणि उद्या जायला काही अडचण आहे का. हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ‘उद्या अमावास्या आहे, परवा सोडा’ किंवा ‘शनिवारी नेत नाहीत आमच्यात’ हे सकाळी सगळी तयारी झाल्यावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेले बरे. अशा वेळी जास्तीच्या दिवसाचा खर्च विमा कंपनी देणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट सांगता येते आणि मग बहुतेकदा मुहूर्त सापडतो.

*सावधान:* तात्पुरत्या बिलाला ‘अंतिम’ म्हणू नका आणि त्यावर तसा शिक्काही मारू नका. त्यात रात्रीची आणि सकाळची भर पडणार आहे, हे सांगूनच ते द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी दोन आकड्यांमधला फरक फसवणुकीसारखा दिसतो.

टप्पा ५: राउंडचा क्रम बदला

बहुतेक डॉक्टर खोली क्रमांकाप्रमाणे राउंड घेतात. आधी अत्यवस्थ रुग्ण, त्यानंतर लगेच घरी जाणारे, मग बाकीचे, असा क्रम ठेवण्याची विनंती त्यांना करावी. हा बदल फुकट आहे, तरीही तो करून घेणे सर्वांत अवघड जाते, कारण येथे व्यवस्थापकाला डॉक्टरांशी बोलावे लागते.

लहान रुग्णालयांत खरी अडचण बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांची असते. ते सकाळी दुसरीकडे शस्त्रक्रियेत असतात आणि दुपारी दोनला येतात. त्यांच्यासाठी अटींवर आधारित सुटीची पद्धत ठेवता येते. आदल्या संध्याकाळी तज्ज्ञांनी केस पेपरवर स्वतःच्या सहीने अटी लिहायच्या: २४ तास ताप नसावा, रुग्ण तोंडाने नीट खात असावा, जखम कोरडी असावी, सकाळचा अमुक अहवाल अमुक मर्यादेत असावा. सकाळी आरएमओने रुग्ण तपासून सर्व अटी पूर्ण झाल्याची नोंद करायची, तज्ज्ञांना फोनवर कळवायचे आणि प्रक्रिया सुरू करायची. एक जरी अट पूर्ण झाली नसेल, तरी तज्ज्ञ येईपर्यंत थांबायचे.

*सावधान:* ‘रुग्ण बरा वाटला तर सोडा’ ही अट नव्हे. जी मोजता किंवा पाहता येते आणि ज्यावर दोन डॉक्टरांचे मतभेद होणार नाहीत, तीच अट लिहावी. अतिदक्षता विभागातून नुकतेच बाहेर आलेले रुग्ण आणि नवजात बालके यांना ही पद्धत लावू नये.

टप्पा ६: डिस्चार्ज कार्ड पूर्ण करा

मसुदा तयार असेल, तर हे काम पंधरा मिनिटांचे आहे. चुका मात्र येथे ठरलेल्या होतात. मागच्या रुग्णाच्या कार्डाची नक्कल करून नवे लिहिण्याच्या सवयीमुळे डाव्या पायाचा उजवा होतो आणि पुरुष रुग्णाला ‘तिची प्रकृती स्थिर’ असे प्रमाणपत्र मिळते. दाखल होण्याची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख, बाजू आणि निदान या चार गोष्टी सही करणाऱ्या डॉक्टरांनी बोट ठेवून वाचाव्यात.

औषधांच्या यादीचे तीन भाग करावेत: नवी सुरू केलेली, आधीची चालू ठेवायची आणि आधीची बंद केलेली. तिसरा भाग जवळजवळ नेहमी विसरला जातो. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त पातळ करणारी गोळी थांबवली होती, ती कधी सुरू करायची हे लिहिले नाही, तर रुग्ण एक तर ती घरी पोहोचताच घेतो किंवा कधीच घेत नाही. कोणती लक्षणे दिसली तर लगेच यायचे आणि तेव्हा कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे मराठीत लिहिलेले असावे.

टप्पा ७: आधी औषध परतावा, मग कुलूप, मग बिल

हा क्रम कधीही उलटा करू नये. सकाळची उरलेली औषधे परत गेल्यावर फार्मसीने ‘परतावा पूर्ण’ अशी खूण करावी. त्यानंतर त्या रुग्णाच्या खात्यावर नव्या नोंदी चढवणे बंद करावे आणि मगच अंतिम बिल काढावे. बिल निघून विमा कंपनीकडे गेल्यावर प्रयोगशाळेची ४०० रुपयांची राहिलेली नोंद सापडली, तर ती सोडून द्यावी. तेवढ्यासाठी सुधारित बिल पाठवले, तर जुनी आणि नवी रक्कम जुळत नाही म्हणून नवी शंका येते आणि ४०० रुपयांपायी खाट अडून राहते. मात्र असे नुकसान महिनाअखेरीस मोजावे आणि कोणत्या विभागाची नोंद वारंवार उशिरा येते, ते शोधावे.

टप्पा ८: विमा कंपनीकडे एकदाच, पूर्ण पाठवा

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची (विमा कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देते त्या सोयीची) प्राथमिक मंजुरी विनंती मिळाल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत द्यायची आहे. तीन तासांपुढच्या विलंबामुळे रुग्णालयाने काही जादा आकारणी केली, तर ती विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची आहे. रुग्णाचा मृत्यू झाला असल्यास दावा तातडीने निकाली काढून पार्थिव लगेच ताब्यात मिळेल, असे पाहायचे आहे.

यातला ‘विनंती मिळाल्यापासून’ हा शब्दप्रयोग नीट वाचावा. डॉक्टरांनी सुटी सांगितली तेव्हा हे घड्याळ सुरू होत नाही. सकाळी साडेनऊच्या सुटीचे कागद दीड वाजता पाठवणाऱ्या रुग्णालयाला साडेचारची मंजुरी ‘उशिरा’ म्हणता येत नाही. शिवाय कागद अपुरे गेले, तर शंका येते, उत्तर जाते आणि सगळी गणिते कोलमडतात.

म्हणून अंतिम बिल तपशिलासह, सही केलेले डिस्चार्ज कार्ड, सर्व तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, इम्प्लांटचे स्टिकर व बिल आणि आधीची मंजुरीपत्रे हे सर्व एकाच वेळी, सरळ आणि वाचता येईल असे स्कॅन करून पाठवावे. पाठवल्याची वेळ आणि पोच जपून ठेवावी. दोन तास उलटूनही उत्तर नसेल, तर तिसऱ्या तासाची वाट न पाहता कंपनीच्या वरच्या पातळीवर फोन करावा. आलेली प्रत्येक शंका एका वहीत उतरवावी. महिन्याभरात त्याच पाच-सहा शंका पुन्हा पुन्हा दिसू लागतात आणि त्यांची उत्तरे पुढच्या वेळी आधीच जोडता येतात.

*तपासणी:* सुटी सांगितल्यापासून कागद जाईपर्यंतचे अंतर एका तासाच्या आत आले आहे का? आले नसेल, तर विमा कंपनीशी वाद घालण्यापूर्वी चौथ्या टप्प्याकडे परत जावे.

टप्पा ९: मंजुरीच्या प्रतीक्षेत करायची कामे

या वेळेत सिस्टरने औषधे हातात घेऊन समजावून सांगावीत आणि रुग्णाला किंवा घरच्यांना तेच परत सांगायला लावावे. ‘समजले ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते, ते धरू नये. सलाइनची सुई काढणे, ड्रेसिंग, कपडे, एक्स-रेच्या फिल्म आणि अहवाल हाती देणे हेही आताच उरकावे. मंजुरी आल्यावर फक्त फरकाची रक्कम भरणे आणि निघणे एवढेच राहिले पाहिजे.

रोख रकमेबाबत एक गोष्ट काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत असावी. आयकर कायद्यानुसार एका व्यक्तीकडून एका प्रसंगासाठी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाहीत आणि तेच पैसे दोन-तीन पावत्यांत तोडून घेतले तरी ते चालत नाही. शेत विकून किंवा सोसायटीचे कर्ज काढून रोख घेऊन आलेल्या माणसाला हे सुटीच्या क्षणी सांगणे क्रूरपणाचे आहे. ते अंदाजपत्रक देतानाच सांगावे.

*सावधान:* बिलाचा वाद मिटला नाही म्हणून रुग्णाला किंवा पार्थिवाला अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत हे स्पष्ट आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. थकबाकी लेखी मान्य करून घेऊन रुग्णाला जाऊ द्यावे आणि वसुली नंतर कायदेशीर मार्गाने करावी.

टप्पा १०: खाट तयार झाल्याची खूण

रुग्ण गेला म्हणजे काम संपले असे वॉर्ड समजतो. मामांना कोणी सांगितलेच नाही म्हणून चादर न बदललेली खाट दीड तास तशीच राहते आणि खाली दाखल व्हायला आलेला रुग्ण बाकावर बसलेला असतो. अंतिम पावती निघताच तिचा निरोप सफाईला आपोआप जाईल, अशी व्यवस्था करावी. त्यासाठी भिंतीवरचा फळा आणि एक फोन पुरतो. गादी, कठडे, कॉलबेल, लॉकर आणि सलाइनचा स्टँड जंतुनाशकाने पुसल्यावर सिस्टरने पाहून फळ्यावर ‘तयार’ असे वेळेसह लिहावे. मामांनी स्वतःच ‘झाले’ म्हणून चालणार नाही.

टप्पा ११: एका वॉर्डात दोन आठवडे

हे सगळे एकदम संपूर्ण रुग्णालयात सुरू करू नये. ज्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर खमकी आहे, तो निवडावा. रोज सकाळी दहा मिनिटे उभ्यानेच कालच्या डिस्चार्जची चर्चा करावी: कोणता उशिरा झाला, कोणत्या अंतरात, का. तेथे नावे घेऊन दोष देणे सुरू झाले, की खोट्या वेळा लिहिणेही सुरू होते.

वेळ कमी होत असताना रुग्ण घाईने तर घरी जात नाहीत ना, हे दुसऱ्या बाजूने पाहावे लागते. त्यासाठी दोन नोंदी पुरेशा आहेत: सुटीनंतर सात दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत दाखल झालेले रुग्ण, आणि दुसऱ्या दिवशीचा फोन. हा फोन वॉर्डमधल्या, रुग्णाला ओळखणाऱ्या सिस्टरनेच करावा. ताप, वेदना, जखम, जेवण आणि औषधे मिळाली का, एवढेच विचारावे आणि उत्तरे केस पेपरला जोडावीत. आरएमओने त्या दिवशीचे राउंड सुरू करण्यापूर्वी ती वाचावीत. एकाच औषधाबद्दल तीन घरांतून गोंधळ ऐकू आला, तर डिस्चार्ज कार्डावरचा तो मजकूर त्याच दिवशी बदलावा.